खोळंबलेल्या गाडीची शिदोरी

मराठीत काही शब्द असे रुळले आहेत, की त्यांच्या मुळाची चौकशी करण्याची कोणाला गरजच भासत नाही. ‘स्टेपनी’ हा त्यांपैकी एक होय. नागपूरच्या ट्रकचालकापासून इंदूरच्या टॅक्सीवाल्यापर्यंत सारेजण मोटारीच्या जादा चाकाला स्टेपनी म्हणतात, आणि हा शब्द इंग्रजीच असणार अशी सर्वांची खात्री असते. पण तो घेऊन कोणी आज इंग्लंडात गेला, तर तेथील दुकानदार त्याच्याकडे कोऱ्या चेहऱ्याने पाहत राहील. इंग्रजांनी तो शब्द केव्हाच टाकून दिला. हिंदुस्थानाने मात्र तो जपला, आणि दूरच्या ब्राझीलनेही जपला. तेथील पोर्तुगीज भाषेत जादा चाकाला ‘एस्तेपे’ म्हणतात, तो याचाच सख्खा भाऊ.

लंडन शहरात स्टेपनी नावाचा एक भाग आहे, त्याचा या चाकाशी काही संबंध नाही. संबंध आहे तो वेल्स प्रांतातील लानेली या गावाशी. कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या कारखान्यांसाठी हे गाव प्रसिद्ध होते, आणि तेथील जमीनदार घराण्याचे आडनाव स्टेपनी. त्या घराण्याचे नाव मिरवणाऱ्या स्टेपनी स्ट्रीट या रस्त्यावर टॉमस मॉरिस डेव्हिस आणि वॉल्टर डेव्हिस या दोघा भावांनी १९०४ साली एक साधी युक्ती काढली. आरे नसलेली एक लोखंडी धाव, तिच्यावर हवा भरून तयार ठेवलेला टायर, आणि ती धाव मूळ चाकाला बाहेरच्या बाजूने जखडण्यासाठी चाप. वाटेत पंक्चर झाले, की ही धाव बिघडलेल्या चाकाला चिकटवून द्यावयाची आणि पुढे चालावयाचे. दिसण्यात हा प्रकार काही देखणा नव्हता. पायाला जखम झाली असता शेजारी दुसरा पाय बांधावा तसा तो दिसे. पण त्या काळच्या मोटारवाल्याला त्याचे मोल किती वाटले असेल, हे समजण्यासाठी त्या काळचे पंक्चर काय चीज होती ते पाहिले पाहिजे.

आरंभीच्या बहुतेक मोटारींचे चाक आसावरून सहजी निघत नसे. पंक्चर झाले, की चाक जागच्या जागी ठेवून टायरची कड लोखंडी पट्ट्यांनी उचकटावयाची, आतील नळी ओढून काढावयाची, भोक हुडकावयाचे, काचकागदाने जागा घासून रबराचे ठिगळ डकवावयाचे, ते वाळेपर्यंत वाट पाहावयाची, मग नळी पुन्हा आत बसवून हातपंपाने हवा भरावयाची. हे सारे धुळीत किंवा चिखलात, गुडघ्यांवर बसून. त्यातून रस्ते घोड्यांचे होते. घोड्यांच्या नालांतून गळालेले खिळे जागोजाग पडलेले असत, आणि मोटारवाला आपल्या आधीच्या युगाचे हे उरलेसुरले देणे टायरने फेडीत जाई. एका दिवसाच्या प्रवासात हा सोहळा दोनतीनदा करावा लागला, तरी त्यात नवल वाटत नसे.

वास्तविक वाटेत अडून पडण्याची तयारी ही मोटारीच्या फार आधीची गोष्ट. आपल्याकडील गाडीवान लांबच्या वाटेला लागताना वंगणाचे नळकांडे, चऱ्हाट, आसाच्या टोकाची जादा खीळ आणि रात्रीसाठी कंदील बरोबर घेतल्याशिवाय निघत नसे. मात्र त्याच्या वाहनाचे सारे गुपित त्याला ठाऊक होते, आणि प्रत्येक मोठ्या गावात सुतार व लोहार होते. मोटार आली ती मात्र अशा मुलखात, की जेथे तिचे दुखणे कोणालाच कळत नव्हते. त्यामुळे आरंभीच्या मोटारप्रवाशाची शिदोरी म्हणजे एक चालता कारखानाच झाला.

गंमत अशी, की मोटारीचा पहिला लांबचा प्रवास जिच्या नावावर आहे, तिच्या मदतीला आली ती कारखान्यातली हत्यारे नव्हेत. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतील मानहाइम गावाहून बेर्था बेंझ ही एकोणचाळीस वर्षांची गृहिणी आपल्या ऑयगेन आणि रिखार्ड या दोन मुलांना घेऊन माहेरच्या फोर्झहाइम गावी निघाली. पती कार्ल बेंझ याने १८८६ मध्ये आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले होते, त्या धंद्यात बेर्थाच्या हुंड्याचाही पैसा गुंतला होता, आणि गाडी तर खपत नव्हती. लोकांचा विश्वास बसावयाचा तर ती गाडी लांब पल्ल्याच्या रस्त्यावर चालताना दिसली पाहिजे, हे तिने ओळखले. नवऱ्याला न सांगताच ती निघाली. अंतर शंभर किलोमीटरांच्या किंचित वर होते.

त्या प्रवासात काय काय बिघडले, ते कुटुंबाच्या आठवणींतून पुढे जगाला कळले. इंधनाची नळी तुंबली, तेव्हा बेर्थाने आपल्या टोपीची लांब टाचणी काढून ती मोकळी केली. ठिणगीच्या तारेवरचे आवरण झिजले, तेव्हा मोज्याचा बंद त्यावर गुंडाळला. साखळी ताणली गेली, तेव्हा लोहार गाठला. इंजिनाला थंड ठेवणारे पाणी उकळून उडून जाई, म्हणून वाटेत जेथे पाणी मिळेल तेथे ते भरून घ्यावे लागे. चढावर गाडीचा दम तुटे, तेव्हा मुलांनी ती ढकलली, आणि उतारावर लाकडी ब्रेकचे ठोकळे झिजून गेले, तेव्हा बाउश्लॉट गावच्या चांभाराकडून तिने त्यांवर चामडे मारून घेतले. इंधनाचा साठा संपत आला, तेव्हा वीसलॉख गावातील औषधाच्या दुकानातून तिने लिग्रॉइन नावाचा डाग काढण्याचा द्रव विकत घेतला. पेट्रोलचा पंप म्हणून आज ते औषधालय मिरवते, आणि तसा त्याला अधिकारही आहे.

या प्रवासाची गोष्ट नेहमी धाडसाची म्हणून सांगितली जाते. ती धाडसाची आहेच. परंतु तिच्यातून आणखी एक गोष्ट दिसते. बेर्थाला वाटेत जी मदत मिळाली, ती घोड्यांच्या आणि पायी चालणाऱ्यांच्या जगाची होती: लोहार, चांभार, औषधविक्या. मोटारीचे असे काही अद्याप निर्माण व्हावयाचे होते. आणि प्रवासानंतर चढासाठी कमी वेगाचा एक जादा गिअर गाडीला बसवण्यात आला; म्हणजे त्या खोळंब्यांनी पुढच्या गाडीची बांधणी बदलली.

बेर्थाच्या गाडीला हवेचे टायर नव्हते, हे तिचे भाग्यच म्हणावयाचे. त्याच वर्षी, १८८८ मध्ये, जॉन बॉइड डनलॉप याने सायकलसाठी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. मोटारीला तो टायर लावून शर्यतीत उतरण्याचे साहस आंद्रे आणि एदुआर मिशलँ या फ्रेंच बंधूंनी १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत केले. भरीव रबरावर धावणारा एमिल लव्हासोर अठ्ठेचाळीस तास आणि अठ्ठेचाळीस मिनिटांत सर्वांच्या आधी परतला. मिशलँ बंधू पंक्चरे काढीत काढीत फार मागे राहिले. पाहणाऱ्यांना हवेचे टायर ही एक फजिती वाटली असल्यास त्यांना दोष देता येत नाही. पण बसणाऱ्याची हाडे आणि गाडीची यंत्रे यांना भरीव रबराचे धक्के सोसण्यासारखे नव्हते, आणि थोड्याच वर्षांत सर्वांनी हवाच पत्करली. तेव्हापासून मोटारीच्या पेटीत जी हत्यारे शिरली, त्यांतली निम्मी टायरच्या सेवेसाठी होती.

विसाव्या शतकाची पहिली दहा वर्षे या पेटीच्या वैभवाचा काळ होय. १९०३ साली होरेशियो नेल्सन जॅक्सन हा डॉक्टर स्यूअल क्रॉकर या यंत्रज्ञाला घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कला मोटारीने निघाला, तेव्हा हत्यारांबरोबर त्याने कप्पी आणि दोरखंडही घेतले होते. चिखलात रुतलेली गाडी समोरच्या झाडाला दोर बांधून ओढून काढण्यास त्यांचा उपयोग झाला. त्रेसष्ट दिवस लागलेल्या त्या प्रवासात नवे भाग रेल्वेने येईपर्यंत थांबून राहण्यात बराच काळ गेला. सहा वर्षांनी, १९०९ मध्ये, अ‍ॅलिस रॅम्झी या बावीस वर्षांच्या विवाहितेने न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंतची उलट वाट एकोणसाठ दिवसांत पार केली. तिच्या बरोबरच्या तिघी बायकांपैकी एकीलाही गाडी चालवता येत नव्हती. वाटेत अकरा वेळा टायर बदलावे लागले, ते तिने बदलले. रेडिएटरला पाणी कमी पडले, तेव्हा त्यांच्या प्रसाधनाच्या सामानातील दात घासण्याच्या ब्रशाच्या नळकांड्यांतून खंदकातले पाणी आणून भरण्यात आले. बेर्थाच्या टाचणीची ही जणू धाकटी बहीण. पुष्कळ वर्षांनी, १९६१ साली, रॅम्झीने आपल्या प्रवासाचे पुस्तक काढले, त्याच्या नावातच तिने टायर उचकटण्याची पहार घातली आहे. त्या प्रवासातील एक प्रसंग मासलेवाईक आहे. अमुक ठिकाणी पिवळे घर दिसले की वळावे, असे तिच्या मार्गदर्शिकेत छापले होते. आणि मोटारींचा तिटकारा असलेल्या घरमालकाने ते घर हिरवे रंगवून टाकले होते. अशा अडचणीला कोणते हत्यार उपयोगी पडणार?

त्याच १९०९ साली इंग्लंडात डॉरोथी लेव्हिट या मोटारशर्यतीत नाव कमावलेल्या बाईने स्त्रियांसाठी मोटारीचे एक पुस्तक लिहिले. आसनाखालच्या छोट्या खणात काय ठेवावे हे तिने सविस्तर सांगितले आहे: हातमोजे, रुमाल, पावडरचा फुलोरा, चॉकलेट, आणि हातातला आरसा. हा आरसा केवळ चेहरा पाहण्यासाठी नव्हता. अधूनमधून तो वर धरून मागून कोण येते आहे ते पाहावे, असा तिचा सल्ला होता. गाड्यांना मागचे दाखवणारे आरसे सर्रास बसू लागले ते त्यानंतर. निर्जन रस्त्याने एकटीने जाणाऱ्या स्त्रीने बरोबर पिस्तूल बाळगावे, असेही तिने लिहिले आहे. अडून पडलेल्या गाडीची भीती केवळ यंत्राची नसते, हे पुरुषांच्या पुस्तकांत क्वचितच आढळणारे सत्य तिने त्या खणात ठेवून दिले.

श्रीमंत पुरुषांना अर्थात या कशाचीच फिकीर नव्हती, कारण त्यांच्याजवळ शोफर होता. या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ आगवाला, म्हणजे बाष्पयंत्राच्या भट्टीत कोळसा घालणारा. आरंभीच्या काळात शोफर गाडी चालवी त्याहून अधिक वेळ तिच्याखाली निजून काढी. पेटीतील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे ती पेटी वापरणारा माणूस, हे १९०७ च्या एका प्रवासात जितके स्पष्ट दिसले तितके दुसरीकडे कोठे दिसले नसेल.

‘ल माताँ’ या पॅरिसच्या दैनिकाने त्या वर्षी आव्हान दिले, की पेकिंगहून पॅरिसपर्यंत मोटारीने कोणी येऊन दाखवावे. अंतर सुमारे पंधरा हजार किलोमीटर. १० जून १९०७ रोजी पाच गाड्या पेकिंगहून निघाल्या. त्यांत इटलीचा सरदार शिपिओने बोर्गेझे याची ‘इताला’ गाडी होती. तिच्यात तिघेजण बसले होते: स्वतः बोर्गेझे, वार्ताहर लुइजी बार्झीनी आणि यंत्रज्ञ एत्तोरे ग्विझ्झार्दी. ग्विझ्झार्दीची कहाणी बार्झीनीने नोंदवून ठेवली आहे. त्याचा बाप आगगाडीचा चालक होता. बोर्गेझेच्या वाड्याजवळ झालेल्या अपघातात तो ठार झाला, आणि बरोबरचा जखमी पोरगा सरदाराच्या घरी शुश्रूषेसाठी आणला गेला, तो तेथेच राहिला. पुढे त्याचे हात यंत्रांवर असे बसले, की बोर्गेझेने त्याच्याशिवाय या प्रवासाचा विचारही केला नसता.

बोर्गेझे हा मोठा हिशेबी मनुष्य होता. वाटेच्या ठिकठिकाणी इंधन आणि तेल पोहोचवण्याची व्यवस्था त्याने आधी केली, आणि गोबी वाळवंटाकडे त्यासाठी उंटांचे तांडे गेले. निघण्यापूर्वी पेकिंगच्या उत्तरेकडील खिंडींतून गाडी जाईल की नाही, हे त्याने हातात वेळू घेऊन मोजले. गाडीच्या रुंदीचा वेळू ज्या खडकांमधून जाईना तेथे काय करावयाचे, हे त्याला आधीच ठरवता आले. त्या खिंडींतून गाड्या दोर लावून माणसांनी व जनावरांनी ओढून नेल्या. इतालाचे लांब पत्र्याचे मडगार्ड सुटे होत, आणि मऊ जमिनीवर चाकांखाली फळ्यांसारखे अंथरता येत. एकच वस्तू दोन कामांना लावावी, ही जुनी कुणबाऊ शहाणीव त्या सरदाराला चांगली अवगत होती.

तरीही पुरेल इतके काहीच नसते. सैबेरियात बैकल सरोवराच्या बाजूला एक जुना लाकडी पूल इतालाच्या वजनाने मोडला आणि गाडी मागच्या अंगाने खाली कोसळली. सुदैवाने माणसे वाचली, यंत्रही वाचले. पुढे उरल पर्वताच्या आसपास मागच्या एका चाकाचे लाकडी आरे पार खिळखिळे झाले. जादा चाक नव्हते, कारखाना नव्हता. एका रशियन खेडुताने, मुख्यतः आपल्या कुऱ्हाडीच्या जोरावर, लाकूड तासून ते चाक नव्याने बांधून दिले. तुरीनच्या कारखान्यात जन्मलेले ते यंत्र बर्फावरच्या घसरगाड्यांच्या मुलखातील सुताराच्या हातून पुन्हा उभे राहिले. १० ऑगस्ट रोजी इताला पॅरिसला पोहोचली, आणि तीही मधेच सेंट पीटर्सबर्गला मेजवानीसाठी वाकडी वाट करून! बाकीच्यांच्या कित्येक दिवस आधी ती आली.

पाच गाड्यांपैकी एक मात्र गोबीपलीकडे गेलीच नाही. ती ऑग्युस्त पाँस याची कोंताल नावाची तीनचाकी गाडी. ती हलकी, म्हणून स्वस्त. आणि हलकी म्हणूनच तिला पुरेसे इंधन वाहता येत नव्हते. वाळवंटात पेट्रोल संपले. पाँस आणि त्याचा साथीदार पाण्यावाचून मरणाच्या दारात पोहोचले, आणि भटक्या मंगोल लोकांनी त्यांना वाचवले म्हणूनच परतले. पाँसची लहान मुलगी लिली पुढे न्यूयॉर्कच्या ऑपेरात गाजली, ही हकीकत येथे अवांतर असली तरी सांगावीशी वाटते. मुद्दा असा, की पेटीत काय घ्यावे या प्रश्नाइतकाच, पेटीचे ओझे गाडीला झेपते का, हा प्रश्नही जुना आहे. पाँसने काही विसरले नव्हते. त्याच्या गाडीत जागाच नव्हती.

हिंदुस्थानात मोटार आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस, आणि १९०४ च्या डिसेंबर अखेरीस ‘मोटार युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया’ या संस्थेने दिल्ली ते मुंबई अशी मोटारींची कसोटी घेतली. युरोपातील गाडी या देशातील रस्त्यांवर कितपत टिकते, हाच तेव्हा खरा प्रश्न होता. येथील शत्रू होते धूळ, ऊन आणि घाट. बोरघाट किंवा कसारा चढताना रेडिएटर उकळू लागणे ही पुढे कित्येक दशके इतकी नित्याची गोष्ट होती, की चढाच्या माथ्यावर बोनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्या हा घाटाच्या देखाव्याचाच भाग वाटे. तापलेले झाकण घाईने उघडून हात भाजून घेणारेही कमी नव्हते. म्हणून गाडीत पाण्याचा डबा हा ठरलेला. उत्तरेकडे आणि राजस्थानाकडे ट्रकच्या तोंडाशी जाड कापडाची पाण्याची पिशवी लोंबत असे. तिला छागल म्हणतात. वाऱ्याने पाझर सुकत जाई, आत पाणी गार राही, आणि तेच पाणी प्रसंगी माणसाला आणि इंजिनाला दोघांनाही उपयोगी पडे.

पाण्याच्या या प्रश्नावर सर्वांत विचारपूर्वक उत्तर ईजिप्तच्या वाळवंटात शोधले गेले. राल्फ बॅगनॉल्ड हा ब्रिटिश लष्करी अधिकारी १९२० च्या दशकापासून सुट्ट्यांमध्ये फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात हिंडत असे. रेडिएटरमधून उडून जाणारी वाफ नळीने गाडीच्या बाजूस बांधलेल्या पाण्याच्या डब्यात सोडावी, ती तेथे थिजावी, आणि इंजिन निवले म्हणजे तेच पाणी आपोआप मागे ओढले जावे, अशी योजना त्याच्या गाड्यांवर होती. पाण्याचा थेंब वाया जात नसे. वाळूत रुतलेल्या चाकांखाली घालण्यासाठी त्याने कैरोच्या एका भंगारवाल्याकडून पोलादी पन्हळी घेतल्या. दुसऱ्या महायुद्धात तेथील लढवय्या तुकड्यांनी हीच साधने वापरली. आजही वाळवंटात जाणाऱ्या गाडीच्या टपावर त्या पन्हळींच्या नाती दिसतात.

सर्वसामान्य मोटारवाल्याची पेटी मात्र याच काळात हलकी होत गेली. चाक चार नटांवर बसू लागले, की जे तासाचे काम होते ते पाव तासाचे झाले. पाचवे चाक कारखान्यातूनच मिळू लागले आणि डेव्हिस बंधूंची धाव हळूहळू मागे पडली. नाव तेवढे उरले. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीवर चार्ल्स केटरिंग याचा विजेचा स्टार्टर आला. तोपर्यंत समोर उभे राहून हँडल मारावे लागे, आणि इंजिन उलटे फिरले तर ते हँडल मनगट मोडी. हिंदुस्थानात तरी हँडल लवकर गेले नाही. १९५८ पासून २०१४ पर्यंत उत्तरपाड्यास तयार झालेल्या अ‍ॅम्बॅसडरच्या डिकीत जॅक आणि पान्ह्यांच्या शेजारी ते पुष्कळ वर्षे पडलेले असे. हिवाळ्याच्या सकाळी बॅटरी मान टाकी, तेव्हा त्याची आठवण होई.

दुसऱ्या बाजूने, मदत विकत मिळू लागली. १९०५ साली लंडनमध्ये ‘ऑटोमोबाइल असोसिएशन’ स्थापन झाली ती खरे पाहता पोलिसांच्या वेगसापळ्यांची सूचना देण्यासाठी. तिचे सायकलस्वार सभासदांना सलाम करीत. पुढे न्यायालयाने अशा सूचनेस हरकत घेतली, तेव्हा सलाम न करणे हीच सूचना ठरली. परंतु १९१२ च्या सुमारास रस्त्याकडेला तिच्या टेलिफोनच्या खोपट्या उभ्या राहिल्या आणि सभासदाच्या खिशात त्यांची किल्ली आली. मुंबईत ‘वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन’ १९१९ मध्ये निघाली. आपल्याकडे मात्र खरी संस्था निराळीच होती, आणि आहे: खांबाला टांगलेला जुना टायर, पाण्याने भरलेली घमेली, आणि पंक्चरवाल्याची टपरी. आणि ट्रकवर क्लीनर, ज्याला मराठीत किन्नर हे नाव पडले. ग्विझ्झार्दीचा तो गरीब वारस होय. चढावर गाडी थांबली, की दगड घेऊन मागच्या चाकाकडे धावणारा पोरगा कोणत्याही पेटीत मावत नाही.

याच दगडांनी आणि झाडाच्या हिरव्या फांद्यांनी आपल्या रस्त्यांवर नादुरुस्त गाडीची खूण करण्याची रीत आहे. फांदी दिसली, की पुढे काहीतरी अडले आहे असे समजावे. दिवसा ही रीत ठीक. रात्री ती जीवघेणी ठरते, कारण फांदी प्रकाश परतवीत नाही. आणि गाडी दुरुस्त होऊन निघून गेली तरी दगड तेथेच राहतात, व पुढच्या मोटारसायकलस्वाराचा बळी घेतात. वेगवान रस्त्यांच्या युगात खोळंब्याचा अर्थच पालटला आहे. पूर्वी अडलेल्या माणसाला भय असे ते पुढे जाता न येण्याचे. आता भय आहे ते मागून येणाऱ्याचे. टायर बदलण्यासाठी रस्त्याकडेला वाकलेल्या माणसाला ताशी शंभर किलोमीटरने येणारी गाडी पाहण्यास जो अवधी मिळतो, तो पान्हा खाली ठेवण्यासही पुरत नाही.

म्हणून पेटीतील सामान बदलले. १९६८ च्या व्हिएन्ना येथील रस्ता-वाहतूक करारात थांबलेल्या गाडीची सूचना मागच्यांना देण्याचा विचार आला, आणि तांबडा परावर्तक त्रिकोण युरोपभर पसरला. भारतातही तो गाडीबरोबर मिळू लागला, जरी पुष्कळांच्या डिकीत तो वेष्टनासह पडून असतो. फ्रान्सने २००८ साली प्रत्येक गाडीत चकाकणारा पिवळा अंगरखा सक्तीचा केला. त्याच्या प्रचारासाठी कार्ल लागरफेल्ड या नामांकित वेषकाराला तो अंगरखा घालून जाहिरातीत उभे करण्यात आले होते. दहा वर्षांनी, १७ नोव्हेंबर २०१८ रोजी, डिझेलवरील कराविरुद्ध लोक रस्त्यांवर उतरले, तेव्हा प्रत्येकाच्या गाडीत असलेला हाच अंगरखा त्यांचा गणवेश झाला. सरकारने स्वतःच्या कायद्याने आंदोलकांना कपडे पुरवावेत, असे उदाहरण इतिहासात विरळा.

आता पेटीतून काही गोष्टी जाऊही लागल्या आहेत. नळीविरहित टायर, त्यातील हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि भोक बुजवण्याचा संच ज्या प्रवासी गाडीत आहे, तिला जादा चाकाची सक्ती नाही, अशी दुरुस्ती भारताच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० साली झाली. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक फिरवला, की मदत मागता येते. हे सर्व खरे. पण मोबाइलची बॅटरी संपली असेल आणि रात्र असेल, तर बॅटरीचा हातदिवा, पिण्याचे पाणी, औषधाची पेटी, जोडतारा आणि तो विसरलेला त्रिकोण यांच्याकडेच वळावे लागते. आणि त्रिकोण मांडण्याआधी माणसांना गाडीतून उतरवून कठड्यापलीकडे उभे करावे लागते.

त्रिकोणातही एक दोष आढळला आहे. तो गाडीच्या बऱ्याच मागे ठेवावयाचा असतो, म्हणजे ठेवणाऱ्याला वाहत्या रस्त्याच्या कडेने उलट दिशेने चालत जावे लागते. आणि असे चालताना माणसे मेली. स्पेनने म्हणून १ जानेवारी २०२६ पासून त्रिकोणाच्या जागी एक लुकलुकणारा पिवळसर दिवा सक्तीचा केला आहे. त्याच्या बुडाशी लोहचुंबक असते, आणि गाडी कोठे अडली आहे हे तो वाहतूक खात्याला आपणहून कळवतो. तो लावण्यासाठी दार उघडावे लागत नाही. खिडकीतून हात बाहेर काढून टपावर ठेवला, की तो तेथेच चिकटून बसतो.